लॅपटॉपला हवा

"औषध आता थांबवू या," डॉक्टर म्हणाले.

जळगावच्या दवाखान्यातली ती खोली लहान होती. टेबलावर माझ्या बायकोच्या, कोकिळाच्या छातीचे फोटो पसरलेले होते. मी विचारलं, "मग दुसरं कुठलं सुरू करायचं?"

"दुसरं नाही, काका. होतं ते सगळं देऊन झालं."

मला समजलं होतं, तरी मी तसाच त्यांच्याकडे बघत राहिलो. कोकिळाने पदर सावरला आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, किती दिवस ते मी विचारत नाही. मला बोलता किती दिवस येईल, तेवढं सांगा."

"बोलता?"

"शिवण शिकवते मी. सतरा धडे राहिलेत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना वाटलं असावं, ही बाई काय बोलतेय. मग म्हणाले, "रोज नको. एक दिवसाआड, तासभर, बसून. आवाज चढवायचा नाही. जोर लावून बोललात की दम लागेल. आणि घरात पाण्याचा कूलर असेल तर त्याची ओली हवा घेऊ नका, खोकला वाढेल."

"गर्दी?"

"गर्दी अजिबात नको."

"नाहीच. शिकणाऱ्या बायका लॅपटॉपमध्ये असतात," ती म्हणाली आणि उठली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून बोटं मोजत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. नशिराबाद मागे गेल्यावर तिने माझ्या दंडाला हात लावला आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. रेल्वेच्या शेडमध्ये एकतीस वर्षं काढल्यामुळे माझे दोन्ही कान मंद आहेत. ती धडधाकट होती तोवर माझ्याशी ओरडून बोलायची. दम लागायला लागल्यापासून मी तिच्या ओठांवरून समजून घ्यायला शिकलो होतो.

"पिनाफोरचे सहा," ती म्हणाली. "हाफ पँटचे पाच. शर्टाचे सहा. एक दिवसाआड म्हटलं तरी मे संपायच्या आत होतात."

मी मान हलवली.

कोकिळा भुसावळला आमच्या घरी पंचवीस वर्षं शिवणाचा क्लास घ्यायची. शेवटचा गट वरणगावजवळच्या एका खेड्यातल्या आठ बायकांचा होता. त्यांचा बचत गट होता. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्यांना शब्द दिला होता की, शाळा उघडायच्या आधी मुलींचा पिनाफोर, मुलांची हाफ पँट आणि शर्ट असे तिन्ही नमुने नीट शिवून दाखवा, मग गणवेशाचं काम तुमचं. जेवढे नमुने जमतील तेवढ्यांचंच काम मिळणार होतं. त्या आठ जणींपैकी पाच जणी शेतात मजुरीला जायच्या. त्यांना सावलीत बसून करायचं काम हवं होतं.

कोकिळाचा आजार निघाला आणि बायकांचं घरी येणं बंद झालं. तेव्हा आमची मुलगी हर्षदा सुरतेहून आली आणि तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली. आईला सगळं शिकवून गेली. त्या आठ जणी रंजना तायडेच्या घरी एका पडद्यासमोर जमत आणि इकडे कोकिळा वरच्या खोलीतून शिकवे. मोबाइलवर तिला बायकांच्या हातातलं कापड नीट दिसत नसे, म्हणून लॅपटॉपच लागे. कॅमेऱ्यात कापायचं टेबल दिसायला पाहिजे म्हणून मी लोखंडी अँगलचा एक स्टँड करून भिंतीला ठोकला होता. त्यावर लॅपटॉप, झाकण पुढे झुकलेलं. ती मान वर करून बायकांना बघे आणि बायकांना खाली तिचे हात दिसत.

दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने पिनाफोर सुरू केला, आणि वीस मिनिटांत लॅपटॉप बंद पडला.

एप्रिलचा शेवट. भुसावळचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. वरच्या खोलीला पत्रे. क्लास दुपारी दोनला, कारण सकाळी बायकांना कामं आणि संध्याकाळी कोकिळाला ताप. पाण्याचा कूलर डॉक्टरांनी बंद केलेला. छताचा पंखा लावला की कागदाचे नमुने उडत, म्हणून तोही बंद. त्या दिवशी लॅपटॉप चार वेळा बंद पडला. दर वेळी पुन्हा चालू होऊन बायका दिसेपर्यंत दहा मिनिटं जात.

"हात लावून बघा," ती म्हणाली. मी खालून हात लावला. तव्यासारखा झाला होता.

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? दवाखान्यातून आल्यापासून माझ्या हाताला करण्यासारखं काही नव्हतं. ती खोकायची आणि मी पाण्याचा ग्लास धरून उभा राहायचो. पण हे काम माझं होतं. शेडमध्ये मी ब्लोअरचा फिटर होतो. इंजिनाच्या मोटरींना गार हवा देणारे मोठे पंखे असतात, ते ब्लोअर. हवा कमी पडली की मोटर तापते, तापली की आतली तार जळते आणि मागे जोडलेली सगळी गाडी उभी राहते. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या इंजिनाची मोटर हवेवाचून जळली, असं एकदाही झालं नाही.

"याला हवा नाही मिळत," मी म्हणालो. "बघतो मी."

दुसऱ्या धड्याला मी लॅपटॉपखाली ओलं फडकं आणि त्यावर पत्र्याची ताटली ठेवली. ताटलीत बर्फ. पंधरा मिनिटांत बर्फाचं पाणी होऊन टेबलावर टपकायला लागलं.

"आता त्याला पन्हं पण पाजा," कोकिळा म्हणाली. लॅपटॉपमधल्या बायका हसल्या, हे मला त्यांच्या तोंडांवरून दिसलं.

"तू शिकव. मी बाजारात जाऊन येतो."

"जा. आणि जाताना चार घास खाऊन जा. सकाळपासून नुसत्या चहावर आहात."

"आल्यावर खातो," मी म्हणालो. खाल्लं नाही. त्या दिवसांत भाकरीचा तुकडा तोंडात घातला की तो तोंडातच फिरत राही.

तलरेजाचं दुकान स्टेशन रोडला होतं. मोबाइल, लॅपटॉप, चार्जर, सगळं मिळे. माणूस पन्नाशीचा, सिंधी, बोलायला गोड. माणूस गोड बोलला की मला तेव्हा संशय यायचा.

"लॅपटॉप गरम होतो ना, काका? बाहेरून लावायचा कूलर पाहिजे. तीन तऱ्हेचे आहेत." त्याने तीन खोकी उघडली.

पहिला नुसता ॲल्युमिनियमचा स्टँड. "याच्यात पंखा नाही. खालून हवा खेळती राहते, बस."

"भुसावळात खेळती हवा म्हणजे भट्टीची हवा," मी म्हणालो. "पुढचा."

दुसरा पाटासारखा. त्यात दोन मोठे पंखे, वर जाळी. लॅपटॉप त्यावर ठेवायचा. त्याने वायर जोडून दाखवली. पंखे इतके हळू फिरत होते की पाती मोजता आली असती. मी कान जवळ नेला. काही नाही.

"हा चालू आहे का?"

"चालू आहे, काका. शांत आहे म्हणून महाग आहे."

तिसरा मुठीएवढा. लॅपटॉपच्या बाजूला गरम हवा बाहेर पडायची फट असते, तिथे रबराच्या तोंडाने बसवायचा. तो आतली गरम हवा ओढून बाहेर फेकतो. त्याने बटण दाबलं आणि मला आवाज आला. कान जवळ न नेता, दुकानात उभ्या उभ्या मला आवाज आला.

आम्ही शेडमध्ये हवा बघायला कागदाची पट्टी वापरत असू. मी बिलबुकातला कोरा कागद मागितला, फाडून पट्टी केली आणि पाटाच्या जाळीवर धरली. पट्टी थोडी हलली. मग लहान कूलरच्या मागे धरली. पट्टी आडवी ताठ झाली.

"हा द्या," मी म्हणालो.

"काका, एक विचारू? लॅपटॉपवर काम काय करता? मुलांचे गेम?"

"बायको शिकवते त्याच्यावर. शिवण."

"मग हा नका घेऊ. पाटवाला घ्या. हा आवाज फार करतो. गेम खेळणारी पोरं कानाला हेडफोन लावतात, त्यांना चालतो."

"आवाज नसेल तर ब्लोअर चालू आहे हे कळणार कसं?" मी म्हणालो. "तलरेजाशेठ, तुमचा महागाचा पाट पडून असेल तर तो दुसऱ्याला विका. हवा मला शिकवू नका."

त्याने हात जोडले. "तुम्ही जाणकार. आठ दिवसांत काही वाटलं तर घेऊन या."

तिसऱ्या धड्याला मी कूलर बसवला आणि बटण दाबलं. कोकिळाने एकदा कूलरकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मी बोटाने लॅपटॉपच्या खालचा भाग चाचपून दाखवला. "बघ. गार पडायला लागला."

"छान झालं," तिचे ओठ म्हणाले.

क्लासच्या वेळी मी वर थांबत नसे. बायका मापं घेतात, बोलतात. मी खाली स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायचो. त्या दिवशी जिन्यातून ब्लोअरचा आवाज खाली येत होता. एक तास झाला तरी थांबला नाही. मी तीन वाजता वर गेलो. लॅपटॉप चालू, बायका हात हलवून निरोप घेत होत्या.

"एकदाही बंद पडला नाही?"

"एकदाही नाही."

मी खाली आलो. सकाळच्या कळण्याच्या दोन भाकरी होत्या, ठेचा होता. उभ्यानेच खायला लागलो. मग बसलो आणि दोन्ही संपवल्या. कोकिळा जिन्याचा कठडा धरून हळूहळू खाली आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि माझं खाणं बघत राहिली.

"कांदा देऊ का फोडून?" तिने विचारलं.

"दे."

जेवण झाल्यावर मी तिथेच फरशीवर आडवा झालो आणि झोपलो. किती दिवसांनी ते आठवत नाही.

पुढच्या धड्याच्या दिवशी मध्येच आवाज थांबला. मी हातातली भाजी टाकून जिना चढलो. "काय झालं? बंद पडला?"

"माझा हात लागला वाटतं बटणाला," ती म्हणाली आणि तिने स्वतःच बटण पुन्हा दाबलं. त्यानंतर आवाज कधी थांबला नाही.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "माळ्यावर जुनी कॅलेंडरं आहेत ना, ती काढून द्या. मागची बाजू कोरी असते." मी काढून दिली. नमुने कापायला असतील असं मला वाटलं. मग तिने जाड रेघेचं काळं पेन मागितलं. तेही आणून दिलं. मी त्या दिवसांत शेजाऱ्यांनाही सांगत होतो, तलरेजा मला भलताच कूलर गळ्यात मारत होता, पण मी पट्टी लावून बघितलं.

चार धडे झाले, म्हणजे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी रंजना तायडे आली. आत यायला मनाई होती, म्हणून ती फाटकापाशीच उभी राहिली. तिशीची बाई, आवाज खणखणीत. मला नीट ऐकू येणाऱ्या थोड्या माणसांत ती होती. तिने ताडगोळ्यांची पिशवी फाटकावरून दिली.

"मावशींना द्या. गार असतात. कशा आहेत?"

"बरी आहे. शिकवते ना नेहमीसारखी."

ती फाटकाशीच रेंगाळली. पिशवी दिली तरी जाईना.

"काय गं?"

"काका, रागावणार नसाल तर एक बोलू का?"

"बोल."

"मावशींनी बोलू नका म्हणून सांगितलंय. पण मी बोलते. मला राहवत नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही तो पंखा लावलाय ना, तेव्हापासून आम्हाला मावशींचं एक अक्षर ऐकू येत नाही. नुसतं घर्र घर्र. गिरणीत बसल्यासारखं वाटतं."

मी म्हणालो, "असं कसं? चार धडे झाले की."

"झाले. मावशी कॅलेंडरच्या मागे लिहितात आणि कॅमेऱ्यासमोर धरतात. मग कापून दाखवतात. मग पुन्हा लिहितात. अर्धा तास तर लिहिण्यातच जातो. आमच्यातल्या चौघींना भरभर वाचता येत नाही, त्यांना मी वाचून दाखवते, तोवर मावशींचा कागद खाली जातो. काखेपाशी मुंढ्याचा वळसा कसा घ्यायचा ते लिहून कळतं का, काका? आमचे तीन पिनाफोर बिघडले."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. आम्ही हातवारे केले, की मावशी, ऐकू येत नाही, तो बंद करा. मावशींनी एकदा बंद केला, तर तुम्ही धावत आलात. तुम्ही गेल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं, 'पंख्याचं काकांना कोणी बोलायचं नाही.' मोठ्या अक्षरात. खाली दोन रेघा मारल्या."

मी फाटक धरून उभा होतो.

"मी सांगितलं म्हणून मावशींना कळू देऊ नका," ती म्हणाली. "मला मारतील त्या."

"नाही कळणार."

त्या दुपारी क्लास होता. दोन वाजता मी नेहमीसारखा कूलर चालू केला, खाली गेलो आणि दहा मिनिटांनी चप्पल काढून जिना चढलो. दार थोडं उघडं होतं. कोकिळाची पाठ माझ्याकडे होती. ती कॅलेंडरच्या मागे लिहीत होती. लिहिताना मध्येच थांबून डाव्या हाताने उजवं मनगट दाबायची. मग तो कागद दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून उभी राहिली. बसून शिकवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण कागद कॅमेऱ्यात यायला तिला उभं राहावं लागत होतं. तिचे दंड थरथरत होते. लिहिलेल्या कागदांची एक थप्पी खुर्चीवर होती. कूलर जोरात चालू होता आणि लॅपटॉप अगदी व्यवस्थित होता.

मी खाली आलो. शेजारच्या फालकवहिनींना म्हटलं, जरा लक्ष ठेवा, आणि सायकल काढून तलरेजाकडे गेलो. भर उन्हात मला बघून तो काउंटरच्या बाहेर आला.

"काका, बसा आधी. पाणी घ्या."

"तो पाट आहे का अजून?"

"आहे. काय झालं?"

"ऐकू येत नाही म्हणतात तिकडे. मला तर एवढा आवाज वाटत नाही."

दुकानातला तसाच दुसरा लहान कूलर त्याने चालू करून काउंटरवर ठेवला, शेजारी आपला मोबाइल रेकॉर्डिंग लावून ठेवला आणि खुणेने म्हणाला, बोला काहीतरी.

"काय बोलू? मी पंडित विठोबा धांडे, राहणार भुसावळ," मी म्हणालो. "रेल्वेतून रिटायर."

त्याने कूलर बंद केला, मोबाइल पूर्ण आवाजावर लावला आणि माझ्या कानाशी धरला. नुसती घरघर. ती मला ओळखीची होती, बरी वाटायची. मी थांबलो, की आता माझा आवाज येईल. घरघर संपली.

"यात मी कुठे आहे?"

"तेच, काका," तो हळू म्हणाला. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो, म्हणून कळलं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी सांगत होतो ना. तो म्हणाला नाही. त्याने पाट काढला, दोन पंखे लावून पाहिले, मग म्हणाला, "याला खालून मोकळी हवा लागते. स्टँडला भोक आहे का?"

"नाही. सपाट पत्रा आहे."

"मग पत्रा कापावा लागेल."

"ते मला येतं," मी म्हणालो. मग तिथेच स्टुलावर बसून राहिलो. तलरेजाने विचारलं, "मावशींची तब्येत?" मी त्याला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी ते हर्षदाखेरीज कोणालाच बोललो नव्हतो. तो ऐकत होता. दोन गिऱ्हाइकं आली, ती त्याने हाताने परत पाठवली.

घरी आलो तेव्हा क्लास संपून कोकिळा खाली आडवी झाली होती. माझ्या हातातलं खोकं तिने बघितलं.

"हे काय?"

"कूलर बदलून आणला. त्याचं बेअरिंग गेलं."

"नवाच होता ना?"

"हल्लीचा माल असाच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोक्याचा दोरा सोडवत होतो. "हा आवाज करत नाही," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. "हवा मिळाली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मी स्टँडचा पत्रा कापून खाली मोठं भोक केलं, कडा कानशीने घासल्या आणि पाट बसवला. पट्टी लावून बघितली. थोडीच हलली, पण सगळीकडे सारखी. त्यानंतरच्या धड्याला लॅपटॉप कोमट झाला, बंद पडला नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. मला तिचं बोलणं ऐकू येणार नव्हतंच. पण दाराच्या फटीतून लॅपटॉपचा पडदा दिसत होता. आठही बायका एकदम पुढे वाकल्या. एकीने तोंडाला पदर लावला. रंजना काहीतरी ओरडली, ते मात्र मला ऐकू आलं.

"मावशी, तुमचा आवाज आला हो!"

कोकिळाने मागे वळून दाराकडे बघितलं. मी तिला दिसलो की नाही, माहीत नाही.

ते पाच धडे तिने पुन्हा पहिल्यापासून घेतले. मी म्हणालो, "अर्धं तर त्यांना कळलंय, पुढे जा." ती म्हणाली, "अर्धं कळलेलं हातात बसत नाही." पिनाफोर झाला. मेच्या मध्याला हाफ पँट सुरू झाली. खिसा सगळ्यांना पहिल्याच खेपेला जमला, म्हणून त्या दिवशी ती खूश होती. पँट झाल्यावर शर्टाचा पाठीचा भाग, समोरचा भाग, बटणपट्टी, बाही. शेवटी शेवटी ती दोन वाक्यं बोलून थांबायची आणि बायका थांबून राहायच्या. कोणी घाई करत नव्हतं. सतरापैकी पंधरा धडे झाले. जूनच्या तीन तारखेला सकाळी ती गेली.

तेरावा झाल्यावर हर्षदा सुरतेला निघायची होती. आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात डबे पुसून नावाच्या चिठ्ठ्या लावत होती, मला सापडावं म्हणून. मी तिच्यासमोर बसलो.

"तुझ्या आईचे पाच धडे मी वाया घालवले," मी म्हणालो. "दुकानदार सांगत होता, मी ऐकलं नाही."

"माहीत आहे मला."

"रंजनाने सांगितलं?"

"आईने. पहिल्याच दिवशी फोन आला होता तिचा." हर्षदाने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलायला लागली. "म्हणाली, तुझ्या बाबांनी मेला गिरणीसारखा पंखा आणलाय, बायकांना काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना, बदलून आणतील. तर म्हणाली, 'आज नको.'"

"का?"

"म्हणाली, 'दवाखान्यातून आल्यापासून त्यांचं ताट तसंच्या तसं परत येतंय. आज दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि फरशीवर घोरत पडलेत. अजून थोडे दिवस खाऊ दे, झोपू दे. मी गेल्यावर त्यांना अंगात ताकद नको का? धडे काय, मी भरून काढीन.'"

हर्षदाने पुन्हा डबा उचलला. मी उठून मागच्या दारी गेलो.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. मी जेवतो, झोपतो, सकाळी फिरायला जातो. तलरेजाशी दोस्ती झाली. तो मला ओरडून हाक मारतो, आणि रस्त्यातली सगळी माणसं वळून बघतात. रंजनाचा गट आजही त्या शाळेचे पिनाफोर आणि हाफ पँटी शिवतो. मजुरीला जाणाऱ्या पाचपैकी चौघी आता उन्हात जात नाहीत. शर्टाचं काम त्यांना मिळालं नाही. ते शहरातल्या एका दुकानाकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

कॉलरचे दोन धडे राहिले.